अणे, माधव श्रीहरी

(२९ ऑगस्ट १८८० – २६ जानेवारी १९६८). वऱ्हाडातील एक प्रमुख विधिज्ञ व राजकीय पुढारी, लोकमान्य टिळकांचे निष्ठावान अनुयायी, मध्यवर्ती विधिमंडळातील वऱ्हाडचे प्रतिनिधी, बिहारचे राज्यपाल आणि संस्कृतचे व्यासंगी पंडित. लोकांनी दिलेली ‘लोकनायक’ ही पदवी आणि ‘बापूजी’ हे जिव्हाळ्याचे नाव या दोहोंनी ते महाराष्ट्रात ओळखले जातात. त्यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे एका विद्याव्यासंगी देशस्थ ब्राह्मण घराण्यात झाला. सुमारे साठ वर्षांच्या सार्वजनिक जीवनात त्यांनी सहकार व असहकार, सनदशीर मार्ग व कायदेभंग, पक्षनिष्ठा व मतभेद अशा परस्परविरोधी वाटणाऱ्या भूमिका घेतल्या. या भूमिकांमागील सूत्र समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कार्याचे यथार्थ मूल्यमापन करता येत नाही.

पार्श्वभूमी : अण्यांच्या राजकारणाचे स्वरूप कळण्यासाठी वऱ्हाडची वैधानिक स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. १८५३ च्या तहाने निजामाने आपल्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. प्रदेश निजामाचा व कारभार इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था होती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वऱ्हाड कायम पट्ट्याने घेतले व लवकरच ते कारभाराच्या सोयीसाठी मध्य प्रांतास जोडण्यात आले. तथापि निजामाचे नाममात्र स्वामित्व अबाधित राहिल्याने कायद्याच्या काटेकोर अर्थाने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. आजचा यवतमाळ जिल्हा पूर्वी ‘वणी’ (वून) जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत पुसदचा भाग त्यात समाविष्ट होऊन त्यास यवतमाळ हे नाव मिळाले.

काळी कसदार जमीन, कापसाचे पीक, सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने, रयतवारी पद्धतीची जमीनधारणा आणि सावकारी कर्ज ही या भागाच्या अर्थजीवनाची प्रमुख अंगे होती. जमिनीची खरेदीविक्री, गहाणखते, वारसाहक्क व कर्जवसुली यांच्या दाव्यांमुळे तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणी वकिलांचा एक प्रतिष्ठित वर्ग उदयास आला. हा वर्ग इंग्रजी जाणणारा, सरकारी कारभाराची माहिती असणारा आणि सरकारी नोकरीच्या बंधनातून मुक्त असल्यामुळे सार्वजनिक कार्याचे नेतृत्व साहजिकच त्याच्याकडे आले. अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष आणि टिळकांचे सहकारी गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे हे दोघेही वकीलच होते. अणे हे याच परंपरेतील पुढच्या पिढीचे होत.

वकील व राजकारण यांचा हा संबंध केवळ हिंदुस्थानापुरता नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर १७७६ मध्ये सह्या करणाऱ्या ५६ प्रतिनिधींपैकी जवळजवळ निम्मे कायद्याच्या व्यवसायातील होते. जॉन अ‍ॅडम्स, टॉमस जेफर्सन व पुढे अब्राहम लिंकन यांची राजकीय घडण वकिलीतच झाली. मात्र अमेरिकेतील वकिलांना स्वातंत्र्यप्राप्तीनंतर आपल्याच राज्यघटनेचा अर्थ लावावयाचा होता, तर हिंदुस्थानातील वकिलाला ज्या सरकारच्या न्यायालयाने सनद दिली त्याच सरकारशी झगडावयाचे होते. सनद गेली म्हणजे उपजीविका गेली, आणि सनद राखावयाची तर वाणी व लेखणी आवरावी लागे. ही ओढाताण अण्यांच्या जीवनात पहिल्यापासून दिसते.

शिक्षण व वकिली : अण्यांचे उच्च शिक्षण नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात झाले. पदवी मिळविल्यानंतर काही वर्षे त्यांनी अमरावती येथे शिक्षकाचे काम केले व त्याच काळात कायद्याचा अभ्यास करून कलकत्ता विद्यापीठाची पदवी घेतली. १९०८ पासून त्यांनी यवतमाळ येथे वकिलीस प्रारंभ केला. जिल्हा न्यायालयात काम चालविणाऱ्या वकिलास त्या वेळी वरच्या अपिलासाठी नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाकडे जावे लागे. नागपूरला उच्च न्यायालय १९३६ मध्ये स्थापन झाले.

अण्यांनी वकिली सुरू केली त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व मंडाले येथे पाठविण्यात आले. वंगभंगानंतरच्या स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य या चतुःसूत्रीचा प्रभाव वऱ्हाडात खोल रुजला होता. सरकारने वृत्तपत्रांवर खटले भरण्याचे व पुढाऱ्यांना धाक घालण्याचे सत्र आरंभिले. तरुण अणेही त्यातून सुटले नाहीत. राजकीय कार्याबद्दल त्यांची वकिलीची सनद वर्षभर स्थगित करण्यात आली. नव्याने व्यवसायात पडलेल्या माणसास हा आघात मोठा होता. तथापि त्यामुळे त्यांचे मन राजकारणापासून परावृत्त झाले नाही.

टिळकांची १९१४ मध्ये सुटका झाली व १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना झाली. वऱ्हाडात या चळवळीचा प्रसार करणाऱ्यांत अणे आघाडीवर होते. लोकजागृतीसाठी त्यांनी १९१८ च्या सुमारास यवतमाळहून *लोकमत* हे साप्ताहिक काढले. हे नाव टिळकांनी सुचविल्याचे सांगितले जाते. हे पत्र पुढे बंद पडले. त्याच नावाने जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळहून साप्ताहिक सुरू केले आणि १९७१ मध्ये नागपूरहून त्याचे दैनिक झाले.

टिळकांनंतर : १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले व काँग्रेसचे नेतृत्व महात्मा गांधींकडे आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर येथे भरलेल्या अधिवेशनात असहकाराचा ठराव कायम झाला. न्यायालये, सरकारी शाळा व कायदेमंडळे यांवर बहिष्कार टाकणे हे त्याचे मुख्य कलम होते. टिळकांच्या अनुयायांपुढे यामुळे मोठा पेच उभा राहिला. कायदेमंडळात शिरून सरकारशी झुंजावे, सरकार देईल ते पदरात पाडून घ्यावे आणि उरलेल्यासाठी लढावे, ही टिळकांची शिकवण होती. नवा मार्ग याच्या विरुद्ध होता. अण्यांना खिलाफतीच्या प्रश्नाशी काँग्रेसने स्वतःस बांधून घ्यावे हे मान्य नव्हते. तरीही बहुमताचा निर्णय झाल्यावर संघटना सोडून बाहेर पडणे त्यांनी नाकारले आणि गांधींचे नेतृत्व पत्करले. भाषावार प्रांतरचनेच्या तत्त्वानुसार काँग्रेसने वऱ्हाडचा स्वतंत्र काँग्रेस प्रांत केला होता. १९२१ पासून १९३० पर्यंत या प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्षपद अण्यांकडे होते.

असहकार थांबल्यावर चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांनी कायदेमंडळात जाऊन अडवणूक करण्यासाठी स्वराज्य पक्ष स्थापन केला. अणे त्या पक्षात सामील झाले व १९२४ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात गेले. येथे वऱ्हाडच्या विलक्षण वैधानिक स्थितीचा प्रत्यय येतो. वऱ्हाडी जनता ब्रिटिश प्रजा नसल्याने तेथील मतदार प्रतिनिधी निवडीत, परंतु गव्हर्नर जनरलने त्याची नेमणूक केल्यानंतरच तो सभागृहात बसे. त्यामुळे विधिमंडळाच्या कामकाजाच्या वृत्तांतात अण्यांच्या नावापुढे मतदारसंघाऐवजी ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असा उल्लेख आढळतो. लोकांनी निवडलेला व सरकारी कागदावर नेमलेला असा हा सभासद पुढील काळात सरकारच्या प्रमुख टीकाकारांपैकी एक ठरला.

१९२५ मध्ये अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्य प्रांत सरकारच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलाल नेहरूंनी याचा निषेध केला. उलट न. चिं. केळकर, मु. रा. जयकर व बा. शि. मुंजे यांनी अधिकारपदे घेऊन लोकहित साधावे असे मत मांडले. यातून स्वराज्य पक्ष फुटला व १९२६ च्या प्रारंभी अकोला येथील बैठकीत प्रतियोगी सहकार पक्ष आकारास आला. अणे या पक्षाच्या प्रमुखांपैकी होते. सरकार जितके सहकार्य देईल तितके आपण द्यावे, ते अडवणूक करील तेथे आपणही करावी, असे या पक्षाचे धोरण होते. ते टिळकांच्याच विचाराचा अनुवाद आहे, असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता.

१९२८ मध्ये सायमन आयोगावर देशभर बहिष्कार पडला असता सर्वपक्षीय परिषदेने स्वराज्याच्या घटनेचा आराखडा करण्यासाठी मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत हिंदुमहासभेच्या वतीने अणे व जयकर यांचा समावेश होता. तेजबहादुर सप्रू, अली इमाम, सुभाषचंद्र बोस, मंगलसिंग, शुएब कुरेशी प्रभृती इतर सदस्य होते. ‘नेहरू अहवाल’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या अहवालावर अण्यांची सही आहे. वसाहतीचे स्वराज्य, मूलभूत हक्क, भाषिक तत्त्वावर प्रांतरचना आणि विभक्त मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघ या त्यातील मुख्य शिफारशी होत. यांपैकी शेवटची शिफारस अण्यांच्या पुढील राजकारणात निर्णायक ठरली.

जंगल सत्याग्रह : मार्च १९३० मध्ये गांधींनी दांडीयात्रा काढून मिठाच्या कायद्याचा भंग केला. वऱ्हाड समुद्रापासून दूर. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून तेथील सत्याग्रहाचा प्रारंभ झाला. परंतु मिठाचा प्रश्न वऱ्हाडी शेतकऱ्याच्या रोजच्या जीवनाशी समुद्रकाठच्या प्रदेशाइतका निगडित नव्हता. जंगलाचा प्रश्न मात्र होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने व त्यापूर्वीच्या कायद्यांनी राखीव जंगलांतील गवत, लाकूड, चराई व वनोपज यांवर सरकारी निर्बंध घातले होते. गुरे चारण्यासाठी फी भरावी लागे, परवान्यावाचून गवत कापणे गुन्हा ठरे आणि वनरक्षकांच्या मर्जीवर शेतकऱ्यांची व आदिवासींची गुजराण अवलंबून राही. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग वनाच्छादित असल्याने हे दुःख तेथे विशेष तीव्र होते.

कायदेभंगासाठी हा कायदा निवडण्यात वऱ्हाडच्या नेत्यांची समयज्ञता दिसते. विधिमंडळातून बाहेर पडून अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रहाचा प्रारंभ केला. त्यांना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. अधिकारपदे घेऊन काम करावे असे म्हणणाऱ्या गटाचा एक प्रमुख हातात विळा घेऊन कायदा मोडतो, ही घटना लोकांच्या मनावर खोल परिणाम करणारी ठरली. पुसदनंतर हा सत्याग्रह जिल्ह्यात ठिकठिकाणी पसरला. यवतमाळजवळील लोहारा येथे डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी त्याच महिन्यात सत्याग्रह करून कारावास पत्करला. महाराष्ट्राच्या इतर भागांतही, विशेषतः कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर व सांगली भागातील बिळाशी येथे, जंगलाच्या प्रश्नावर तीव्र लढे झाले. शहरी सुशिक्षितांपुरती मर्यादित असलेली वऱ्हाडची चळवळ खेड्यापाड्यांत व आदिवासी वस्त्यांत पोहोचविण्याचे श्रेय या सत्याग्रहास द्यावे लागेल.

काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष : तुरुंगातून सुटल्यानंतर अण्यांचा समावेश काँग्रेसच्या कार्यकारिणीत झाला. दोन्ही पक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्याची वकिली सवय व निःस्पृहपणा यांमुळे तंटे मिटविण्याचे काम त्यांच्याकडे येई. १९३१ मध्ये बंगाल काँग्रेसमध्ये सुभाषचंद्र बोस व यतींद्रमोहन सेनगुप्त यांच्या गटांत विकोपाला गेलेला वाद सोडविण्यासाठी लवाद म्हणून त्यांची निवड झाली होती.

१९३२ मध्ये कायदेभंगाची चळवळ पुन्हा सुरू होताच सरकारने काँग्रेस बेकायदा ठरविली व बहुतेक सर्व नेत्यांना अटक केली. एकामागून एक अध्यक्ष तुरुंगात गेले व १९३३ मध्ये हंगामी अध्यक्षपदाची धुरा अण्यांवर आली. ८ मे १९३३ रोजी गांधींनी अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यासाठी आत्मशुद्धीचे एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले व सरकारने त्यांना मुक्त केले. गांधींच्या सल्ल्यानुसार अण्यांनी चळवळ सहा आठवड्यांपुरती स्थगित केली. या निर्णयावर कडक टीका झाली. व्हिएन्ना येथे असलेल्या विठ्ठलभाई पटेल व सुभाषचंद्र बोस यांनी तर गांधींचे नेतृत्व अयशस्वी ठरल्याचे जाहीर केले. जुलै १९३३ मध्ये पुणे येथे अण्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस कार्यकर्त्यांची परिषद झाली. व्हाइसरॉय विलिंग्डनने गांधींना भेट नाकारल्यानंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक कायदेभंगास मोकळीक देण्याचा निर्णय अण्यांनी हंगामी अध्यक्ष या नात्याने जाहीर केला. थकलेल्या संघटनेला सन्मानाने माघार घेण्याची वाट करून देणे हे अप्रिय कर्तव्य त्यांच्या वाट्यास आले होते. दुसऱ्यांना जो मार्ग दाखविला तो स्वतःही आचरून त्यांनी ऑगस्टमध्ये अटक करवून घेतली.

जातीय निवाडा व पक्षत्याग : ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्याने विभक्त मतदारसंघ चालू ठेवले व वाढविले. १९३४ मध्ये निवडणुका लढविण्याचे ठरल्यावर काँग्रेसला या निवाड्याविषयी भूमिका घेणे भाग पडले. वेगवेगळ्या जमातींचे मत दुभंगलेले असल्याने निवाडा स्वीकारू नये व नाकारूही नये, असा ठराव कार्यकारिणीने केला. अणे व पंडित मदनमोहन मालवीय यांना हे अमान्य होते. संयुक्त मतदारसंघ हा राष्ट्रीय एकतेचा पाया आहे, नेहरू अहवालात तो मान्य केलेला आहे, आणि ज्या तत्त्वास एकदा सही दिली त्याविषयी तटस्थ राहणे म्हणजे ते सोडणेच होय, अशी त्यांची धारणा होती. दोघांनीही राजीनामे देऊन काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापन केला. निवाड्याखेरीज इतर सर्व बाबतींत काँग्रेसशी एकमत असल्याचे या पक्षाचे म्हणणे होते. नोव्हेंबर १९३४ च्या निवडणुकीत त्यास देशभर मर्यादित, परंतु बंगालमध्ये उल्लेखनीय यश मिळाले. १९३५ पासून १९४१ पर्यंत मध्यवर्ती विधिमंडळात अणे या पक्षाचे नेते होते. अनेक प्रसंगी त्यांनी काँग्रेस पक्षाबरोबरच मतदान केले.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जुलै १९४१ मध्ये, सरकारने व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार केला. मंडळात भारतीयांचे बहुमत झाले. परंतु गृह, अर्थ व संरक्षण ही महत्त्वाची खाती इंग्रजांच्याच हाती राहिली. अण्यांनी परदेशस्थ भारतीयांचे खाते स्वीकारले. काँग्रेसचे अनेक कार्यकर्ते या वेळी वैयक्तिक सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, त्यामुळे या निर्णयाने त्यांचे अनेक चाहते दुखावले. प्रतियोगी सहकाराच्या तत्त्वाशी तो सुसंगत होता हे खरे. तथापि ज्या अधिकारास खरी सत्ता नाही तो घेतल्याने जबाबदारी येते पण उपाय हाती राहत नाही, याचा अनुभव त्यांना लवकरच आला.

१९४२ च्या प्रारंभी जपानने ब्रह्मदेशावर आक्रमण केले. तेथून लाखो भारतीय निर्वासित झाले व त्यांतील असंख्य लोक डोंगरदऱ्यांतून पायी आसामात आले. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न याच खात्याच्या कक्षेत येत होता. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस नेत्यांना अटक झाली आणि ‘छोडो भारत’ आंदोलन पेटले. १६ ऑगस्ट रोजी चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जनतेचा उठाव झाला. त्यानंतर चिमूर येथे लष्कर व पोलीस यांनी केलेल्या अत्याचारांच्या चौकशीची मागणी पुढे आली. या मागणीसाठी सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी नोव्हेंबरमध्ये दिल्लीस अण्यांच्या निवासस्थानी उपोषण आरंभिले. विदर्भातीलच एक पुढारी सरकारात असताना विदर्भातील स्त्रियांना न्याय मिळत नाही, हा त्यामागील सवाल होता. गृहखाते अण्यांकडे नव्हते. तरीही तो सवाल त्यांनाच विचारला गेला, यात त्या पदाची सारी विसंगती सामावलेली आहे.

१० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधींनी आगाखान पॅलेसमधील कैदेत एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांची प्रकृती खालावली असताही सरकारने सुटकेस नकार दिला. तेव्हा अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार या तिघांनी १७ फेब्रुवारी रोजी कार्यकारी मंडळाचे राजीनामे दिले. या राजीनाम्याने गांधींची सुटका झाली नाही; मात्र मंडळातील भारतीय बहुमताचा आधार दाखवून सरकार जो नैतिक दावा करीत होते तो दुबळा झाला.

त्यानंतर १९४३ पासून १९४७ पर्यंत अणे श्रीलंकेत (सिलोन) भारत सरकारचे प्रतिनिधी होते. चहा व रबराच्या मळ्यांवर काम करणाऱ्या तमिळभाषी मजुरांचा मताधिकार व नागरिकत्व हा तेथील ज्वलंत प्रश्न होता. सोलबरी आयोगाच्या शिफारशींनुसार नवे संविधान तयार होण्याचा हा काळ असल्याने या प्रश्नास विशेष महत्त्व आले होते.

राज्यपालपद : स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास अणे संविधान सभेचे सदस्य होते. जानेवारी १९४८ मध्ये त्यांची बिहारचे राज्यपाल म्हणून नियुक्ती झाली व जून १९५२ पर्यंत ते त्या पदावर राहिले. १९३५ च्या कायद्याखालील राज्यपाल आणि २६ जानेवारी १९५० नंतरचे संविधानात्मक राज्यपाल अशा दोन्ही व्यवस्थांचा अनुभव त्यांना आला. श्रीकृष्ण सिंह हे या काळात बिहारचे मुख्यमंत्री होते. जमीनदारी रद्द करणारा बिहारचा कायदा, पाटणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविणे आणि त्यानंतर १९५१ मध्ये झालेली संविधानाची पहिली दुरुस्ती या देशाच्या वैधानिक इतिहासातील महत्त्वाच्या घटना त्यांच्याच कारकीर्दीत घडल्या.

विदर्भाचा प्रश्न : राज्यपालपदावरून निवृत्त झाल्यावर अण्यांनी स्वतंत्र विदर्भ राज्याच्या मागणीस वाहून घेतले. १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. ब्रिजलाल बियाणी व अणे यांनी आयोगापुढे स्वतंत्र राज्याची बाजू मांडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी झालेल्या नागपूर कराराने पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा यांच्या नेत्यांनी एका मराठी राज्याचा पुरस्कार केला होता. आयोगाने मात्र १९५५ च्या अहवालात बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचविले. ती शिफारस अंमलात आली नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला.

भाषिक प्रांतरचनेची शिफारस करणाऱ्या नेहरू अहवालावर सही करणाऱ्या अण्यांनी एका भाषेची दोन राज्ये मागावीत, यात काहींना विसंगती दिसली. वेगळ्या विदर्भाच्या समर्थकांची भूमिका अशी की, भाषा हा राज्यरचनेचा एक निकष आहे, एकमेव निकष नव्हे. कापूस, खनिजे व वने यांवर आधारलेली स्वतंत्र अर्थव्यवस्था, वेगळा प्रशासकीय इतिहास आणि राजधानीपासूनचे अंतर यांचाही विचार व्हावयास हवा. संयुक्त महाराष्ट्राच्या पुरस्कर्त्यांनी हा युक्तिवाद मान्य केला नाही. विदर्भातही याविषयी एकमत नव्हते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी अणे नागपूर मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. हा विजय त्यांच्यावरील वैयक्तिक श्रद्धेचा जितका, तितकाच या मागणीस असलेल्या नागरी पाठिंब्याचा द्योतक मानला जातो. त्यांचे नातू व महाराष्ट्राचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी याच प्रश्नावरील मतांमुळे उठलेल्या वादात २०१६ मध्ये पदाचा राजीनामा दिला.

साहित्य : अण्यांचा संस्कृत वाङ्मयाचा व्यासंग सखोल होता आणि राजकारणाच्या धकाधकीतही तो खंडित झाला नाही. उत्तरायुष्यात त्यांनी आपल्या गुरूचे चरित्र *श्रीतिलकयशोऽर्णवः* या संस्कृत महाकाव्यात ग्रथित केले. सुमारे बारा हजार श्लोकांचा हा ग्रंथ असून त्यास १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. वृत्तपत्रे, राजद्रोहाचे खटले, राष्ट्रीय सभेतील वाद, होमरूलची चळवळ अशा आधुनिक विषयांना संस्कृत पद्यात सामावून घेण्याचा हा प्रयत्न विसाव्या शतकातील संस्कृत साहित्यात लक्षणीय आहे. टिळकांना निकटून पाहिलेल्या अनुयायाने लिहिलेला असल्याने चरित्रसाधन म्हणूनही त्याचे मोल आहे.

मूल्यमापन : अण्यांच्या राजकीय प्रवासावर चंचलतेचा आरोप करणे सोपे आहे. स्वराज्य पक्ष, प्रतियोगी सहकार, जंगल सत्याग्रह, काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद, काँग्रेस राष्ट्रीय पक्ष, व्हाइसरॉयचे मंडळ व स्वतंत्र विदर्भ ही स्थित्यंतरे वरवर पाहता एका दिशेची नाहीत. परंतु त्यांत एक पद्धत आढळते. साधन हे प्रसंगावर अवलंबून असते, तत्त्व मात्र नसते, ही टिळकसंप्रदायाची दृष्टी त्यांनी सोडली नाही. संघटनेत राहता येईल तोवर राहावे, न पटणाऱ्या निर्णयाचेही पालन करावे. मात्र एखाद्या मूलभूत तत्त्वास बाध येत असेल तर पद सोडून उघडपणे बाहेर पडावे, हा नियम त्यांनी १९२०, १९३४ व १९४३ या तिन्ही प्रसंगी पाळला. त्यांच्या या पद्धतीच्या मर्यादाही १९४२ मध्ये स्पष्ट झाल्या. ज्या काळात जनता एका निर्वाणीच्या लढ्यात उतरलेली असते, त्या काळात सहकार व विरोध यांचे मोजमाप करीत बसणारा मुत्सद्दी एकाकी पडतो. मतभेद असूनही प्रतिपक्षाचा आदर राखणे, पदाचा मोह न धरणे व व्यक्तिगत जीवनातील साधेपणा या गुणांमुळे मात्र त्यांच्याविषयीचा लोकादर अखेरपर्यंत कायम राहिला.

भारत सरकारने १९६८ मध्ये ‘पद्मविभूषण’ हा किताब देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. त्याच वर्षी प्रजासत्ताक दिनी, २६ जानेवारी रोजी, त्यांचे निधन झाले. यवतमाळ येथील लोकनायक बापूजी अणे महिला महाविद्यालय हे त्यांच्या कर्मभूमीतील त्यांचे एक स्मारक होय.